‘दशावतार’, आणि पावसाळ्यात पडवीत पाहिलेले चार चित्रपट

‘दशावतार’ हा मराठी चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा गणपती नुकतेच गेले होते, चाकरमानी मुंबईला परतले होते आणि पितृपक्ष लागल्यामुळे गावात कोणतेही कार्य नव्हते. म्हणून पहिल्याच रविवारी वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या गावाहून आम्ही सात जण दोन रिक्षा करून शेजारच्या तालुक्यातील चित्रपटगृहात गेलो. परतताना पाऊस होता आणि रिक्षात कोणी फारसे बोलले नाही. बोलणे सुरू झाले ते आमच्या पडवीत चहा आल्यावर, आणि ते मध्यरात्र उलटून गेली तरी थांबले नाही.

या पडवीला त्या पावसाळ्यात चित्रपटांची सवय लागलेली होती. माझ्या भाच्याने मुंबईहून एक लहानसा प्रोजेक्टर आणला होता. भाताची लावणी आटोपल्यावर दर आठवड्याला एक चित्रपट, भिंतीवर पांढरी चादर लावून, सर्वांनी मिळून पाहायचा असे आम्ही ठरवले होते. नियम एकच होता की चित्रपट कोकणात घडणारा असावा. वीज गेली की चित्रपट अडायचा आणि त्या काळोखात तोवर पाहिलेल्या भागावर वाद व्हायचा. अशा रीतीने ‘किल्ला’, ‘नारबाची वाडी’, ‘तुंबाड’ आणि ‘मुंज्या’ हे चार चित्रपट आम्ही पाहिले. पाचवा ‘दशावतार’ मात्र मोठ्या पडद्यावरच पाहायचा, असा पेटीवाल्या काकांचा आग्रह होता.

काकांविषयी आधीच सांगायला हवे, कारण या परीक्षणातले अर्धे शहाणपण त्यांचे आहे. त्यांनी तारुण्याची सारी वर्षे दशावतार या कोकणातल्या लोकनाट्याच्या मंडळीबरोबर पायपेटी, म्हणजे पायाने भाता चालवायची हार्मोनियम, वाजवत काढली. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की ते घराबाहेर पडत आणि पावसाच्या तोंडावर परत येत. आमच्यातील दुसऱ्या महत्त्वाच्या प्रेक्षक म्हणजे गावच्या तलाठी बाई. त्या मूळच्या सांगलीकडच्या असून बदलीमुळे येथे आल्या आहेत. निवृत्त मास्तर इतिहास शिकवत असत, त्यामुळे सन आणि सनावळ्या चुकल्या की ते चित्रपट थांबवायला सांगतात. मी वाचनालयात काम करते आणि कोकणावरच्या चित्रपटाला नेहमी एकच प्रश्न विचारते. यातला समुद्र, पाऊस, देऊळ, माड काढून घेतले तर ही कथा दुसरीकडे कुठे घडली असती का? घडू शकली असती, तर कोकण तेथे केवळ देखाव्यासाठी आहे.

‘दशावतार’ या प्रश्नाला पुरा उतरतो. सुबोध खानोलकर यांनी दिग्दर्शित केलेली ही कथा बाबुली मेस्त्री या वयोवृद्ध दशावतारी कलावंताची आहे. त्याची दृष्टी अधू होत चालली आहे, मुलगा माधव त्याला आता थांबायला सांगतो आहे, आणि थांबणे म्हणजे काय हे बाबुलीला उमगत नाही. दुसऱ्या बाजूला गावाच्या रानावर खाणीची नजर आहे. पुढे काय घडते ते मी सांगणार नाही, कारण मध्यंतरापूर्वीचा धक्का पाहणाऱ्याला स्वतःलाच बसायला हवा. एवढेच सांगते की उत्तरार्धात रंगमंचावरचे अवतार रंगमंचाबाहेर येतात.

बाबुलीची भूमिका दिलीप प्रभावळकर यांनी केली आहे. त्यांचा जन्म १९४४ सालचा, म्हणजे हा चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. वयाचे कौतुक करून मी थांबणार नाही, कारण काकांनी दाखवून दिलेली गोष्ट त्याहून मोठी आहे. अजिबात न दिसणाऱ्या माणसाचा अभिनय करणे तुलनेने सोपे असते. कमी दिसणारा माणूस साकारणे अवघड, कारण त्याला आपले कमी दिसणे लपवायचे असते. प्रभावळकर घरात वावरताना किंचित थबकतात, आवाजाच्या दिशेने मान वळवतात, वस्तूला हात लावून खात्री करून घेतात, आणि रंगमंचावर पाऊल ठेवताच ही चाचपड नाहीशी होते. काका म्हणाले, “ह्या खरा आसा. डोळे गेले तरी पाय वाट विसरनत नाय.” त्यांच्या मंडळीत एक राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारे नट, होते, ज्यांना अखेरच्या काही वर्षांत समोरची माणसे नीट दिसत नसत, पण बाकड्यावरून उतरताना त्यांचे पाऊल कधी चुकले नाही.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही अशा वाचकांसाठी थोडे विस्ताराने लिहिते, कारण त्याशिवाय या चित्रपटाची ताकद कळणार नाही. आमच्याकडील जत्रेत देवाची पालखी फिरून झाली की रात्री उशिरा देवळासमोर नाटक उभे राहते. मंडळीच्या पेटाऱ्याची पूजा होते. नेपथ्य म्हणून मागे एक पडदा आणि पुढे एक लाकडी बाकडे एवढेच असते. तेच बाकडे सिंहासन होते, तेच पर्वत होते, तेच शय्याही होते. प्रथम आड दशावतार होतो. त्यात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव आणि काळा बुरखा घेतलेला, लाल जिभेचा संकासूर येतात. त्यानंतर पुराणातले आख्यान लागते आणि ते पहाटेपर्यंत चालते. लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरवून घेतले की संवाद नटाने जागच्या जागी रचायचे असतात, आणि समोरच्या नटाने टाकलेला शब्द झेलता आला नाही तर प्रेक्षक ते लगेच ओळखतात. स्त्रीपार्ट पुरुषच करतात. साथीला पायपेटी, मृदंग आणि झांज असते. रात्रभर देव झालेला माणूस सकाळी तोंड धुऊन, सामान उचलून पुढच्या गावाची वाट धरतो.

या शेवटच्या वाक्यातच ‘दशावतार’ची सारी कथा दडलेली आहे, असे मला वाटते. रात्री ज्याच्या पाया पडायचे त्याला सकाळी कोणी विचारायचे नाही, हा अनुभव आमच्या भागातील अनेक घरांनी घेतलेला आहे. दुसऱ्या एखाद्या प्रांतातला वृद्ध नट घेऊन हा चित्रपट करता आला नसता. संवाद जागच्या जागी रचण्याची सवय असलेला नटच आयुष्यातल्या संकटाला अवतार घेऊन उत्तर देऊ शकतो, हे येथे पटते. इतरत्र ती केवळ कल्पनेची भरारी वाटली असती.

भाषेविषयी माझ्या मनात फार कृतज्ञता आहे. मालवणी बोली महाराष्ट्रभर पोहोचवण्याचे श्रेय मच्छिंद्र कांबळी यांच्या ‘वस्त्रहरण’ या नाटकाला आहे आणि ते ऋण कोणी नाकारू नये. परंतु त्या यशानंतर बाहेरच्या प्रेक्षकाला मालवणी कानावर पडली की हसायचे, अशी सवय लागली. चित्रपटांत मालवणी बोलणारे पात्र आले की ते विनोदी असणार हे गृहीत धरले जाऊ लागले. येथे एक बाप आपल्या मुलाशी मालवणीत भांडतो, देवाशी मालवणीत बोलतो, आणि त्याचे दुःखही मालवणीतच आहे. आमच्या मागच्या रांगेत काही तरुण मुले बसली होती. सुरुवातीला बोलीतले शब्द ऐकून ती हसत होती आणि नंतर गप्प झाली. भाच्यानेही हे माझ्याआधी हेरले होते.

खाणीचा भाग आम्हाला अधिक लागला, आणि त्याचे कारण चित्रपटाबाहेर आहे. आमच्या तालुक्यात रेडीचे लोहखनिज पिढ्यान्‌पिढ्या निघत आले आहे. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे जुलै २०२१ मध्ये खाणीच्या खड्ड्यात साठलेले पाणी बांध फोडून खाली उतरले आणि लाल चिखल शेतांत, घरांत शिरला. ती दृश्ये आम्ही फोनवर पाहिलेली आहेत. त्यामुळे पडद्यावर रान आणि यंत्रे समोरासमोर आली तेव्हा आमच्यापैकी कोणालाही ती गोष्ट दूरची वाटली नाही. रान म्हणजे येथे नुसती झाडे नव्हेत. गावाची राई, जिला रत्नागिरीकडे देवरहाटी म्हणतात, ती देवाच्या मालकीची असते आणि तेथील वाळलेली फांदीसुद्धा कोणी घरी नेत नाही. त्या राईमुळे खालच्या विहिरींना पाणी राहते, हे म्हाताऱ्या माणसांना पुस्तक न वाचता ठाऊक असते.

आणि नेमक्या याच ठिकाणी माझी चित्रपटाविरुद्ध सर्वांत मोठी तक्रार आहे. खाणीच्या बाजूची माणसे फार एकरंगी झाली आहेत. ती आली की काहीतरी वाईट घडणार हे प्रेक्षकाला आधीच कळते. प्रत्यक्षात खाण गावात येते तेव्हा ती एकेका घराचे दोन भाग करते. एका भावाला डंपरवर काम मिळते, दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी लाल होते, आणि दोघे एकाच चुलीवर जेवत असतात. पूर्वार्धात याची चाहूल लागते, कारण मुलाला नोकरी लागावी आणि बापाला विसावा मिळावा ही घराघरातली साधी इच्छा तेथे आहे. उत्तरार्धात मात्र सूडाला एवढा वेग येतो की गावातली ही घालमेल मागे पडते. पोलिसांच्या तपासाचा भागही मला लांबलेला वाटला. महेश मांजरेकर यांनी साकारलेला पोलीस अधिकारी स्वतः पाहण्यासारखा आहे, पण त्याच्या मागे मागे जाताना बाबुली हातचा सुटतो.

मास्तरांना हे मान्य नाही. दशावतारात राक्षस हा राक्षसच असतो, तेथे त्याची बाजू ऐकून घेतली जात नाही, मग चित्रपटाने तोच संकेत पाळला तर बिघडले कुठे, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यावर काकांनी दिलेले उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. चांगला खलपार्ट करणारा नट राक्षसाच्या तोंडी असे काही बिनतोड बोलणे घालतो की क्षणभर राजपार्टी निरुत्तर होतो आणि प्रेक्षक पुढे सरकून बसतात. संहिता नसल्यामुळे ही जुगलबंदी दर रात्री नवी होते. चित्रपटातल्या खलनायकांना असे एकही बोलणे मिळाले नाही, एवढीच काकांची खंत होती. त्यांनी ती रागाने सांगितली नाही, आपल्या घरातल्या मुलाची चूक सांगावी तशी सांगितली.

प्रभावळकरांमुळे साहजिकच ‘नारबाची वाडी’ची आठवण निघाली. आदित्य सरपोतदार यांच्या २०१३ सालच्या या चित्रपटात ते माडांच्या वाडीचे म्हातारे मालक नारबा झाले आहेत आणि ती वाडी गिळायला टपलेल्या खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, भूमिकेत मनोज जोशी आहेत. मूळ कथा बंगालची, मनोज मित्र यांच्या नाटकाची. तरीही ती येथे रुजली, कारण कोकणातला जमिनीचा प्रश्न खोतीला सोडून सांगताच येत नाही. खोती १९४९च्या कायद्याने संपली, पण खोत हा शब्द आमच्याकडे अजूनही पूर्ण निर्जीव झालेला नाही, असे मास्तरांनी सांगितले आणि स्वतःच्या आजोबांची गोष्ट सांगत अर्धा तास घेतला. चित्रपट हलकाफुलका आहे, संवाद चुरचुरीत आहेत, लहान मुलांबरोबर पाहता येतो.

‘मुंज्या’विषयी थोडक्यातच लिहिते. हाही सरपोतदारांचाच, २०२४ सालचा, हिंदी. मुंज झाल्यावर अविवाहित मेलेला मुलगा पिंपळावर राहतो ही समजूत आम्ही लहानपणापासून ऐकलेली आहे, त्यामुळे सुरुवातीचा काळोख चांगला अंगावर आला. नंतर संगणकाने घडवलेले भूत वारंवार आणि फार जवळून दिसू लागले आणि भीती ओसरली. भाच्याला तो पाचांत सर्वांत आवडला, हे मी नमूद करते.

‘तुंबाड’ने मात्र आमच्यात फूट पाडली. राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा लागला आणि तेव्हा त्याला गर्दी झाल्याचे ऐकून आम्ही पुढच्या वर्षी पडवीत पाहिला. तुंबाड हे खरोखरीचे गाव आहे, खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे ते वाचकांना ठाऊक आहे. चित्रपटाने कादंबरीतील फक्त गावाचे नाव घेतले आहे. वाडा म्हणून दिसतो तो घाटावरचा, सासवडचा पुरंदरे वाडा. काळ्या दगडाचे ते उंच तट पाहून मास्तर अस्वस्थ झाले, कारण आमच्याकडे घरे जांभ्या दगडाची आणि कौलारू असतात, आणि जांभा भिजला की त्याचा रंग आणि वास दोन्ही वेगळे होतात.

माझे मत वेगळे आहे. माझ्या प्रश्नाला ‘तुंबाड’ पावसाच्या जोरावर उतरतो. या चित्रपटातला पाऊस थांबतच नाही आणि तो देवांच्या कोपाचा पाऊस आहे, असे कथेतच सांगितलेले आहे. आमच्याकडे पावसाला नक्षत्रांची नावे आहेत, मृगाचा वेगळा, हस्ताचा वेगळा, आणि प्रत्येक पावसाला त्याचे काम आहे. पेरणी, चिखलणी, लावणी, मग उघडीप, मग पुन्हा सर. ‘तुंबाड’मध्ये उघडीप नाही, कोणी नांगर धरत नाही, कोणाच्या डोक्यावर पावसासाठीचे पानांचे इरले नाही, कोठे भातरोपांचा हिरवा तरवा दिसत नाही. ज्या पावसात शेती नाही तो पाऊस शापच होय, हे पटवायला त्या चित्रपटाला एक शब्दही खर्चावा लागलेला नाही. कथेतील तीन टप्पे १९१८, १९३३ आणि १९४७ या सालांचे आहेत, आणि लोभ एका पिढीकडून दुसरीकडे कसा जातो हे त्या ओल्या भिंतींतून कळत जाते. पंकज कुमार यांचे छायाचित्रण पाहण्यासाठी मात्र आमची चादर अपुरी पडली. काळोखातले बारकावे तीवर उमटले नाहीत. ज्यांना शक्य असेल त्यांनी चांगल्या पडद्यावर पाहावा.

आता ‘किल्ला’. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट आम्ही सर्वांत आधी पाहिला आणि माझ्या मनात तो सर्वांत वर आहे. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या चित्रपटांच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळाले आणि पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वडील गेल्यानंतर अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणातल्या लहान गावी येतो. त्याला ना भाषा आपली वाटत, ना मुले, ना समुद्र. अर्चित देवधर हा मुलगा डोळ्यांनी जेवढे बोलतो तेवढे मोठ्या नटांना बोलता येत नाही, आणि पार्थ भालेराव यांचा बंड्या तर आमच्या गावच्या शाळेतून उचलून नेल्यासारखा वाटतो. आईच्या भूमिकेत अमृता सुभाष आहेत. दिग्दर्शकांनी छायाचित्रणही स्वतःच केलेले असल्यामुळे पावसाळी उजेडाला कुठेही खोटा रंग चढलेला नाही. पर्यटनाच्या फलकावरचा निळा समुद्र येथे नाही, आषाढातला मातकट समुद्र आहे.

पावसात किल्ल्यावर मित्र निघून जातात आणि चिन्मय एकटा राहतो, ते दृश्य चालू असताना तलाठी बाई उठून आत गेल्या. त्या पाणी आणायला गेल्या असाव्यात असे आम्हाला वाटले. नंतर त्यांनी सांगितले की आपल्या मुलाने येथे आल्यावर पहिले सहा महिने कोणाशी मैत्री केली नव्हती आणि आपल्याला कार्यालयाच्या कामात ते कळलेही नव्हते. चित्रपटातल्या आईची कार्यालयात होणारी कोंडी, फायलीसाठी येणारा दबाव, रात्री घरी आल्यावर मुलाशी न बोलता येणारा थकवा, हे सारे बाईंनी एकेक करून खरे म्हणून सांगितले. आम्ही कोकणातली माणसे ‘किल्ला’ पाहताना आपला गाव पाहत होतो. बाहेरून आलेल्याला हा गाव कसा दिसतो ते मला बाईंमुळे प्रथमच कळले. त्या रात्रीनंतर मी तो चित्रपट एकटीने दोनदा पाहिला.

चित्रपटगृहाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण असा चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहायला जे जातील त्यांना त्याचा उपयोग होईल. आम्ही गेलो तेथे पडदा स्वच्छ होता, खुर्च्या बऱ्या होत्या आणि जिना चढताना म्हाताऱ्यांना हात देणारा कर्मचारी होता. परंतु पूर्वार्धात आवाज एवढा कमी ठेवला होता की मृदंगाची थाप पंख्यांच्या घरघरीत विरून जात होती. मध्यंतरात काका स्वतः उठून व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतले आणि आवाज वाढवला. तेवढ्याने उत्तरार्ध निराळाच वाटला. या चित्रपटात संगीत ही सजावट नव्हे, नटाला उभे करणारी ती गोष्ट आहे. म्हणून जाणाऱ्यांनी आवाज कमी वाटल्यास मध्यंतराची वाट न पाहता सुरुवातीलाच सांगावे.

परतल्यावर काकांनी माळ्यावरची पायपेटी काढली. तिचा भाता एका जागी फाटलेला होता आणि दोन सूर लागत नव्हते. चित्रपटातली साथ कुठे बरोबर होती आणि कुठे घाई झाली ते त्यांनी त्या उरलेल्या सुरांवर आम्हाला वाजवून दाखवले. पुढच्या रविवारी ते आपल्या मंडळीतल्या दोन जुन्या सोबत्यांना घेऊन पुन्हा त्याच चित्रपटाला गेले. त्या दोघांपैकी एक पूर्वी संकासूर करीत असत. त्यांना चित्रपट कसा वाटला ते मी विचारले, तेव्हा त्यांनी बाबुलीचे एक बोलणे जसेच्या तसे म्हणून दाखवले आणि त्यापुढे आपण काय बोललो असतो तेही म्हणून दाखवले.